वाचकांचे प्रश्न : कपड्यांचे कपाट आवरताना

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात दोन लोखंडी कपाटे आणि एक दिवाण आहे आणि तिन्ही कपड्यांनी गच्च भरलेली आहेत. रोजचे कपडे मात्र खुर्चीवर पडलेले असतात, कारण आत जागाच उरत नाही. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी सगळे बाहेर काढते, नव्याने घड्या घालते आणि तेच कपडे पुन्हा आत ठेवते. मुलगी म्हणते, वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते सरळ देऊन टाक. सासूबाईंना ते पटत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पुरते पटत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : मुलीचा नियम रोजच्या कुर्त्यांना, शर्टांना आणि घरात घालायच्या कपड्यांना लागू पडतो. पैठणीला किंवा शालूला तो लावता येत नाही, कारण घरात कार्य नसेल तर अशी साडी दोन-दोन वर्षे नेसली जात नाही आणि तरीही ती अडगळ ठरत नाही. सासूबाईंची नाखुशी म्हणूनच समजण्यासारखी आहे. आमचे मत असे की आपल्याकडचे कपाट आपण हौसेने घेतलेल्या कपड्यांनी फारसे भरत नाही. ते भरते आहेराने. लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत, डोहाळजेवण अशा प्रत्येक कार्यातून साडी, ओटीचा खण, शर्टपीस आणि टॉवेल-टोपी घरात येते, आणि त्यातला बराचसा भाग कोणी निवडून आणलेला नसतो. त्यामुळे सुरुवात आहेरापासून करावी. वापरातल्या आणि ठेवणीतल्या कपड्यांना पहिल्या दिवशी हातही लावू नये.

तिन्ही ठिकाणचा आहेर एका सतरंजीवर आणा. एकत्र पाहिल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. ओटीचे खण आधी वेगळे करा. चैत्रातले हळदीकुंकू, संक्रांत, माहेरवाशिणींची ये-जा असे धरून वर्षभरात जेवढे लागतील असे वाटते, तेवढेच एका डब्यात ठेवावेत. उरलेल्या पॉलिस्टरच्या ब्लाउजपीसांचे ब्लाउज कोणी शिवून घेत नाही. ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात, आणि आपल्या घरी त्यांची ही फेरी थांबवली तर कोणाचा अपमान होत नाही. गुळेदगुड्डचा हातमागाचा खण त्यात सापडला तर तो मात्र बाजूला काढा. त्याचा ब्लाउज छान होतो, परकर-पोलक्याला तो शोभतो, आणि कोल्हापुरात खण शिवण्याचा हात असलेले शिंपी अजून मिळतात.

टॉवेलांचा प्रश्न सोपा आहे. नवे टॉवेल उद्यापासून वापरायला काढा आणि झिजलेले फरशी पुसायला घ्या. चांगला टॉवेल पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवायचा आणि घरच्या माणसांनी विरलेल्याने अंग पुसायचे, यात काही अर्थ नाही. शर्टपीस आणि पँटपीस शिंप्याकडे द्यायचे असतील तर याच महिन्यात द्यावेत. रेडिमेड घालण्याची सवय झालेल्या घरात ते शिवले जाणारच नाहीत, हे मान्य करून ते शिवून घालणाऱ्या माणसाला द्यावेत.

आहेराच्या साड्यांपाशी खरी अडचण येते. दिलेली साडी चुकून देणाऱ्याच्याच घरी परत गेली तर नाते दुखावते, आणि सासूबाईंच्या मनातली भीती बहुधा हीच असावी. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक साडीच्या घडीत कोणी, कोणत्या कार्यात दिली हे पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शाईचा डाग पडण्याची शक्यता असते, म्हणून पेन्सिलच हवी. कोणती साडी कोणाकडून आली, याची आठवण घरात सासूबाईंनाच सर्वांत चांगली असणार. तेव्हा चिठ्ठ्या त्यांना विचारून लिहा आणि कोणती साडी पुढे कोणाला द्यायची हेही त्यांनाच ठरवू द्या. घर आवरताना वडीलधाऱ्यांना बाजूला बसवून ठेवले की त्यांना ते आपल्या संसाराची मोडतोड वाटते. देण्याचा अधिकार त्यांच्या हाती असेल तर त्याच मोकळ्या मनाने देतात.

आहेर निघाला की अर्धे काम झालेले असेल. त्यानंतर ठेवणीतल्या साड्या सर्वांत वरच्या कप्प्यात आणि रोजचे कपडे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत ठेवावेत, कारण वाकून किंवा स्टुलावर चढून काढाव्या लागणाऱ्या जागी रोजचा कपडा परत जात नाही आणि खुर्चीवर येऊन पडतो. साडीबरोबर तिचा ब्लाउज आणि परकर एकाच घडीत ठेवा. ब्लाउज होत नाही म्हणून पडून राहिलेल्या साड्या पुष्कळ घरांत असतात. ब्लाउजच्या आत माया सोडलेली असते. ती उसवून घेतली की साडी पुन्हा नेसण्यात येते. माया उरली नसेल तर त्या साडीवर चालणारा दुसरा ब्लाउज आधी ठरवावा आणि मगच ती कपाटात ठेवावी.

वेळेबद्दलही सांगायला हवे. दिवाळीच्या तोंडावर फराळ, खरेदी आणि झाडलोट यांच्या गर्दीत हे काम होणारच नाही. तेव्हा फक्त घड्या बदलल्या जातात. आपल्याकडे घटस्थापनेआधी अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची पद्धत आहे; कपाटही त्याच दिवसांत आवरावे. घर तसेही उपसलेले असते, पाऊस ओसरू लागलेला असतो, आणि मुख्य म्हणजे दसऱ्याला, दिवाळीला कोणाला साडी द्यायची असेल तर ती हातात तयार असते. यापुढे घरच्या कार्याच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ अवश्य छापा आणि स्वतः आहेर न देताही कार्याला जा.

प्रश्न : आमचे घर जुने, पंचगंगेच्या घाटाजवळ आहे. पावसाळ्यानंतर कपाट उघडले की कुबट वास येतो. रेशमी साड्यांवर पांढरट ठिपके दिसतात आणि आईच्या शालूची जर काळी पडली आहे. डांबरगोळ्या भरपूर टाकल्या तरी उपयोग होत नाही.

उत्तर : ठिपके बुरशीचे आहेत आणि डांबरगोळ्यांचा बुरशीवर उपयोग नाही. त्यांची वाफ कसरीला आणि किड्यांना दूर ठेवते, तीही कपाट घट्ट बंद असेल तरच. शिवाय ही वाफ श्वासाला चांगली नाही. विशेषतः ज्या तान्ह्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. बाळाची दुपटी, झबली आणि या गोळ्या कधीही एका कपाटात ठेवू नयेत.

तुमच्या घरात मूळ शत्रू ओल आहे. कपाट भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढा, म्हणजे मागून हवा खेळेल. पावसाळ्यातही कोरडा दिवस मिळाला की दारे तासभर उघडी ठेवावीत. साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढा, कारण आत अडकलेली ओल तिथेच राहते. त्या जुन्या, धुतलेल्या मलमलीत किंवा पांढऱ्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधाव्यात. बासनात बांधून ठेवण्याची आपल्या आजीची रीत यासाठीच होती. तिच्या घडीत वेखंडाची पुरचुंडीही असे. किड्यांना ती काही प्रमाणात दूर ठेवते, ओलीवर मात्र तिचा इलाज चालत नाही. वर्तमानपत्रात साड्या गुंडाळू नका. शाई लागते आणि कागदातील आम्लाने कापड पिवळे पडते.

ठिपके आलेली साडी घराबाहेर, सावलीत आणि वाऱ्यावर पसरून पूर्ण सुकू द्या आणि मऊ, कोरड्या ब्रशने हलके झटका. रेशमाला कडक ऊन मुळीच देऊ नये, कारण रेशीम हा प्रथिनाचा धागा आहे आणि उन्हाने तो पिवळा व ठिसूळ होतो. डाग तरीही राहिले तर रेशमाचे काम जाणणाऱ्या ड्रायक्लीनरला दाखवावे; घरी लिंबू किंवा सोडा लावून पाहू नये.

शालूची जर खरी असेल तर ती चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असते. मुलामा झिजला की चांदी हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. रबर आणि लोकरीतूनही असा वायू निघतो, म्हणून जरीच्या साडीला रबरबँड लावू नये आणि ती स्वेटरांच्या कप्प्यात ठेवू नये. अंगावर साडी असताना अत्तर किंवा स्प्रे जरीवर मारू नये. काळी पडलेली जर घरी घासू नका, कारण उरलासुरला मुलामाही जातो. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून ती दुसऱ्या रेषेवर घाला. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर राहिलेली घडी तिथेच चिरते. जड शालू हँगरला टांगू नका.

तुम्ही घाटाजवळ राहता, म्हणून आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरले, त्यांनी दिवाणाच्या पोटात ठेवणीतले कपडे ठेवणे सोडून द्यावे. ते वरच्या कप्प्यात किंवा माळ्यावर, बासनात बांधून ठेवावेत.

प्रश्न : सासूबाईंच्या सुती नऊवारी साड्या विरल्या आहेत. आता बोहारीण फिरकत नाही. फेकवत नाहीत, काय करावे?

उत्तर : त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाच्या वाकळीची सर नव्या कापडाच्या वाकळीला येत नाही, आणि नऊवारीचे आठ मीटरहून अधिक कापड असल्याने थोड्याच साड्यांत एक मोठी वाकळ होते. काठ उसवून वेगळे काढावेत आणि वाकळीच्या कडेला लावावेत. आतल्या थरात पॉलिस्टरची साडी घालू नका; ती सरकते, घाम टिपत नाही आणि धावदोरा तिच्यावर नीट बसत नाही. हाताने वाकळ शिवून देणाऱ्या बायका आपल्या भागातील खेड्यांत अजून आहेत. मजुरी आधी ठरवावी आणि ती पाडून मागू नये, कारण त्या कामाला कित्येक दिवस जातात. फार विरलेल्या साडीची बाळंतिणीच्या घरासाठी दुपटी करावीत. ती शिवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत.