वजनाच्या रांगेनंतर

प्रिय बाळ,

तुझा डबा हल्ली अर्धा परत येतो, असं आई सांगत होती. शाळेत वजनं झाली तेव्हापासून, हेही ती म्हणाली, म्हणून लिहितेय.

ती रांग मला ठाऊक आहे. एकेकीनं काट्यावर चढायचं, सर आकडा मोठ्यानं सांगणार, मॉनिटर वहीत उतरवणार आणि मधल्या सुट्टीच्या आत त्या आकड्याचं टोपणनाव झालेलं असणार. उंची-वजन घ्यायलाच हवं. पोर अशक्त राहतंय का, हे त्यातूनच कळतं. पण तो आकडा चारचौघांत पुकारायचं काय कारण? पुढच्या वेळी 'सर, माझं वजन मोठ्यानं सांगू नका' एवढं म्हण. धीर होत नसेल तर आईसोबत मी येते वर्गशिक्षिकांना भेटायला.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, मनाला लावून घेऊ नकोस. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं हे सूत्र बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञानं 1830 च्या दशकात मांडलं, तेही मोठ्या लोकसमूहांची सरासरी अभ्यासताना. तुझ्या वयात बीएमआय मुलामुलींच्या वयाप्रमाणे वेगळ्या तक्त्यावर बघतात. मोठ्यांमध्ये 25 च्या पुढे वजन जास्त धरतात, तो आकडा तुला लागू नाही. वयात येताना मुलींच्या कंबर-मांड्या भरतातच. ती वाढ आहे. तिला पोळी-भाजी, वरण-भात, शेंगदाणे सगळं लागतं. जेवण नकोसंच वाटत राहिलं, चक्कर आली, पाळी चुकायला लागली, तर लपवू नकोस, डॉक्टरांकडे जाऊ.

रंगावरून बोलतात त्याचा मला जास्त राग येतो. गॅदरिंगला उजळ पोरी पुढच्या रांगेत, लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ', आणि घरात मायेनं म्हणणार, 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील.' मायेनं म्हणतात म्हणूनच ते आत रुतून बसतं. गोरं करणाऱ्या त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' 2020 मध्ये गेलं, घराघरातल्या तोंडातून मात्र गेलेलं नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. ऊन टाळलं असतं तर ती इतकं धावली असती का?

रविवारी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ये. मनात येईल ते कपडे घाल, दम लागला की चाल. येताना काहीतरी खाऊन ये.

तुझी,
मावशी