मागची चाकं सरकवायची म्हणजे काय? ऑंटारिओत येऊ बघणाऱ्या ट्रेलरवाल्यासाठी

तुम्ही लिहिलंय की न्हावाशेवा ते हैदराबाद कंटेनर चालवता, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला यायचा विचार आहे, आणि 'ट्रेलरची मागची चाकं सरकवायची' हा प्रकार काही कळला नाही. लायसन्स आणि थंडीबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी चाकांवरच लिहितो.

आपल्याकडे एक्सल, म्हणजे चाकांचा आस, चेसिसला जिथे बसवला तिथेच राहतो. इथल्या 53 फुटी बंद ट्रेलरच्या मागच्या दोन एक्सलची जोडी, म्हणजे टँडम, रुळांवर पुढेमागे सरकते आणि चार पिनांवर अडकते. कॅनडात वजनाची मुभा जास्त आहे, पण ब्रॅम्प्टनच्या बऱ्याच कंपन्यांचा धंदा सीमेपलीकडचा. अमेरिकेत इंटरस्टेटवर, म्हणजे राज्यं जोडणाऱ्या महामार्गांवर, सगळं मिळून 80,000 पौंड, म्हणजे साधारण 36 टन, आणि शिवाय प्रत्येक टँडमवर 34,000 च. आपल्याकडे 2018 पासून टँडमला 21 टन, एकूण 55 टनांपर्यंत चालतं. त्यामुळे इथली भरलेली गाडीसुद्धा तुम्हाला अर्धी रिकामी वाटेल. तरी ती वजनकाट्यावर नापास होऊ शकते.

समजा माल भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर गेलात. पुढची चाकं 12,000, घोड्याची (ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनवाल्या गाडीची) मागची जोडी 35,200, ट्रेलरची 31,800. एकूण 79,000, म्हणजे बेरीज कायद्यात, पण घोड्यावर 1,200 जादा. आता टँडम पुढे घ्यायची. ती ज्या बाजूला सरकते तिकडचं वजन स्वतःवर ओढते. भोकं सहा इंचांवर असतील तर एका भोकाला ढोबळ 400 पौंड. तीन भोकांनी जेमतेम काठावर याल, म्हणून चार सरकवा आणि परत काटा करा. दुसऱ्यांदा कमी पैसे घेतात. डिझेलची टाकी भरायची बाकी असेल तर तेही वजन धरा, ते सगळं घोड्याच्या बाजूला पडतं.

करायचं असं: ट्रेलरचे ब्रेक लावायचे, घोड्याचे सोडायचे, खाली उतरून हँडल ओढायचं, पिना आत गेल्या की हळू रिव्हर्स. चाकं जागेवर, डबा मागे, म्हणजे टँडम पुढे आली. कागदावर दोन मिनिटांचं काम. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पिना गंजतात, एखादी अडकून बसते, मग घोडा पुढे-मागे हलवा, उतरा, हातोडा मारा, परत चढा. इथे क्लीनर नाही. शेवटी टॉर्च घेऊन चारही पिना भोकातून बाहेर आल्यात का ते डोळ्यांनी बघायचंच. नुसता झटका देऊन भागत नाही. पीन नीट बसली नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर टँडम जागा सोडते.

त्यात प्रत्येक राज्याचं आपलं वेगळं. कॅलिफोर्नियात किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला ज्या पिनेने जोडतात तिच्यापासून) शेवटच्या एक्सलच्या मध्यापर्यंत 40 फूट, त्यापुढे नाही. फ्लोरिडात 41 फूट, पण माप टँडमच्या मध्यापर्यंत. म्हणजे वजनासाठी चाकं मागे हवीत आणि कायद्यासाठी पुढे, असा पेच पडू शकतो. अशा वेळी गोदामात परत जाऊन पॅलेट हलवून घेणं एवढाच उपाय.

माझा खरा राग गोदामांवर आहे. फोर्कलिफ्ट आत शिरताना ट्रेलर डुलू नये म्हणून काही ठिकाणी टँडम पार मागे करूनच डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, लावायला लावतात. ते कारण योग्यच आहे. पण माल भरला की परत पुढे, परत काटा, आणि मैलावर पगार असेल तर या उठाठेवीचे पैसे शून्य. नोकरी घेताना हे आधीच विचारा.

टँडम मागे असली की वळणावर ट्रेलर जास्त आत कापतो, पुढे असली की शेपूट बाहेर फिरते. तुमचा हात बसलाय तो एकाच जागेच्या चाकांवर, त्यामुळे आरसा सतत बघावा लागेल.

ऑंटारिओत एझेड, म्हणजे असा ट्रेलर चालवायच्या, लायसन्साआधी किमान 103.5 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. शाळा निवडताना फीच्या आधी हे विचारा: भरलेल्या ट्रेलरची टँडम माझ्या हातून सरकवून घेणार का, आणि काट्यावर नेणार का? 'रिकाम्यावर दाखवतो' असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा.