‘दुसरी पार्टी तयार आहे’ : रीसेल फ्लॅटची बोलणी आणि तुमचे प्रश्न

ठाण्यात रीसेल फ्लॅटसाठी मी ९२ लाखांची ऑफर दिली. एजंट म्हणतो, दुसरी पार्टी ९६ ला तयार आहे, आजच टोकन द्या. खरं-खोटं कसं ओळखायचं?

ओळखता येत नाही, हेच दुखणं आहे. त्यामुळे ९६ च्या मागे धावू नका. मालक आणि एजंट दोघांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घ्या आणि ऑफर लिहून टाका : रक्कम पार्किंग धरून की सोडून, कर्ज किती, साठेखत (विक्रीचा लेखी करार) किती दिवसांत, आणि ‘शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत’ अशी मुदत. मालकाचा होकार येईपर्यंत ऑफर मागे घेता येते. सोबत बँकेचं मंजुरीपत्र जोडा. कर्जाचा पत्ता नसलेल्या ९६ पेक्षा मंजुरीसकटचे ९२ मालकाला कितीदा बरे वाटतात. आणि आकडा थेट मालकाला कळला की मधली हवा निघून जाते.

एक लाख टोकन दिलं होतं. आठवड्याने मालकाने फ्लॅट जास्त भावात दुसऱ्याला दिला. पैसे परत घेऊन गप्प बसायचं का?

हातात कागद काय आहे, त्यावर ठरेल. यूपीआयच्या नोंदीत नुसतं ‘टोकन’ लिहिलं असेल, तर व्यवहार नेमका काय ठरला होता हे सिद्ध करताना दमछाक होते. विसार पावतीत, म्हणजे टोकनच्या लेखी पावतीत, फ्लॅट क्रमांक, कार्पेट क्षेत्र, एकूण किंमत, पुढच्या हप्त्यांच्या तारखा आणि कोणी माघार घेतली तर काय, हे हवंच. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर आणि सही एकट्या नवऱ्याची, ही चूक तर सर्रास होते. सगळ्या मालकांच्या सह्या घ्या. रक्कम रोखीत देऊ नका : मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेतली तरी घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, मग तो पावती द्यायला कचरतो.

मी विकणारा आहे. एजंट सगळ्या ऑफर माझ्यापर्यंत आणतो, याची खात्री काय?

तो दोन्हीकडून दलाली घेत असेल तर शंका रास्तच आहे. काम देतानाच लिहून घ्या : प्रत्येक ऑफर २४ तासांत लेखी कळवायची, खरेदीदार त्याच्या नात्यातला किंवा भागीदार असेल तर आधी सांगायचं, आणि दलाली साठेखताची नोंदणी झाल्यावरच. एजंटाने स्वतःच आडून घर घेतलं आणि महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली, किंवा त्यात तुमचं नुकसान झालं, तर भारतीय करार कायद्यानुसार तो व्यवहार तुम्ही नाकारू शकता.

नव्या प्रकल्पात बिल्डर म्हणतो, ‘तीन जण रांगेत आहेत, आज २० टक्के भरा.’

भरू नका. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायला रेरा (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या) कायद्याचं कलम १३ मनाई करतं. रांग खरी असली तरीही.