शहरात अन्न असुरक्षितता आणि पौष्टिक अन्नाची उपलब्धता कशी मोजतात?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गल्लत इथेच होते.

असुरक्षितता माणसांना विचारून मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) ८ प्रश्नांची मोजपट्टी सर्वाधिक वापरली जाते. उत्तरं फक्त हो किंवा नाही. पैशांअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, पौष्टिक खाता आलं नाही असं झालं का, एखादं जेवण टाळावं लागलं का, अशी सुरुवात होत शेवटी 'अख्खा दिवस उपाशी राहावं लागलं का?' इथवर प्रश्न जातात. काळ बहुधा मागच्या १२ महिन्यांचा. पहिला प्रश्न भुकेचा नाही, काळजीचा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण पोट भरलेलं घरही असुरक्षित असू शकतं.

उपलब्धता मात्र बरेचदा नकाशावर मोजतात. अमेरिकेचं कृषी खातं शहरी भागात सुपरमार्केट १ मैलापेक्षा, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरपेक्षा, लांब आहे का हे पाहतं (अर्ध्या मैलाचा निकषही आहे). माझ्या मते नुसतं अंतर फसवं असतं. दुकान कोपऱ्यावर असून भाव परवडत नसेल तर काय उपयोग? शिवाय फेरीवाले आणि छोटी दुकानं अशा नकाशातून सहज निसटतात.

म्हणून ताटात काय पडलं तेही विचारा. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठीच्या निकषात मागच्या दिवस-रात्रीत १० पैकी किमान ५ अन्नगट (धान्यं, डाळी, भाज्या असे अन्नाचे प्रकार) खाल्ले का, हे बघतात. तो आकडा समूहाचा घ्यायचा, एकेका बाईला त्यावरून कुपोषित ठरवायचं नाही.