घूं आणि स्स

प्रश्न : आजोबांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी लॅपटॉपवर उतरवून घेतोय. अॅम्प्लिफायर जुना, पत्र्याच्या बॉडीचा, तीन पिनांचा. लॅपटॉपचा चार्जर लावला की मागे 'घूंऽऽ' सुरू, काढला की बंद. बारीक 'स्सऽऽ' मात्र कायम. एसी लावून खोली थंड केली तर तो कमी होईल, असं मित्र म्हणतो. खरं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : चार्जर काढून पाहिलात, बरं केलंत. मला ते सुचलं नव्हतं. नौपाड्यात आमच्या घरी असाच घूं यायचा, तर मी तडक मुंबईचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट, लॅमिंग्टन रोड, गाठून पॉवर सप्लायचे कपॅसिटर आणले, बदलले. घूं जागच्या जागी! कपॅसिटर बिघडले तर येणारी, ब्रिज रेक्टिफायरनंतरची (उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणाऱ्या भागानंतरची) गुणगुण १०० हर्ट्झची असते. माझी होती ५० ची, म्हणजे अख्खं सप्तक खाली. रोज तानपुरा ऐकणाऱ्या माणसाला हे कळू नये?

तुमच्याकडे बहुधा अर्थिंगचं कडं झालंय. अॅम्प्लिफायर एका प्लगात, चार्जर दुसऱ्यात. दोघांची अर्थिंग भिंतीतून जोडलेली, आणि ऑडिओ केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचं तारांचं वेष्टन) त्यांना वरून पुन्हा जोडते. या कड्यात करंट फिरतो. जाळीवर मिलिव्होल्टभर पडला तरी तो गाण्यात मिसळतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, नाहीतर रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. अर्थिंगची पिन मात्र तोडू नका. पत्र्याची बॉडी आहे, शॉक बसेल.

आता स्स. अॅम्प्लिफायरच्या रेझिस्टरमधले (करंट अडवणाऱ्या भागातले) इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत चुळबुळत असतात, त्याचा हा आवाज. अमेरिकेतल्या बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन्सननी तो मोजला, नायक्विस्टनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ चे. १० किलोओहमचा रेझिस्टर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण १.८ मायक्रोव्होल्ट देतो, नुसता पडून राहिला तरी! तापमानाशी याचं नातं वर्गमुळाचं, तेही केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाशी. खोली ३० वरून २० अंशांवर आणलीत तर स्स जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी घटेल. निम्मा करायचा तर उणे १९७ अंश हवेत. मित्राला सांगा, बिल त्याने भरावं.

आणि तो स्स अॅम्प्लिफायरचाच कशावरून? आवाज तसाच ठेवून सुई उचला. एकदम शांत झालं तर दोष रेकॉर्डीचा. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) रेकॉर्डीला एलपीची सुई लावली असेल, तर ती खाचेच्या तळाशी घासते. रुंद टोकाची वेगळी सुई मिळते, ती लावा.