खोल समुद्रातील तेल-वायू उत्पादन सुधारण्यासाठी आधी कशाकडे लक्ष द्यावे?

प्रवाह अखंड राखण्याकडे. आपल्या वरुडकडील संत्राबागेत ठिबकच्या नळ्या क्षार साचून चोंदल्या, की विहिरीत पाणी असूनही झाड सुकते. समुद्रातही तसेच घडते. आंध्र किनाऱ्यापुढील समुद्रात असलेल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील काही वायूविहिरी २,००० मीटरपेक्षा खोल पाण्यात आहेत, आणि तळाशी सुमारे ४ अंश सेल्सियसच्या थंडीत, प्रचंड दाबाखाली, वायू व पाणी मिळून बर्फासारखा घट्ट हायड्रेट तयार होतो. तेलवाहिन्यांत मेणही धरते. त्यावर उष्णतारोधक आवरण, विहिरीच्या मुखाशीच ग्लायकॉल (हायड्रेट धरू न देणारे द्रव रसायन) सोडणे आणि मेण खरवडणारे पिग (प्रवाहाच्या जोराने नळीतून सरकणारे साधन) हे उपाय आहेत. माझ्या मते खरी कसोटी उत्पादन थांबवताना लागते, कारण प्रवाह थांबताच नळी निवू लागते. ती पुरती निवण्याआधी दाब उतरवण्याची तयारी असलीच पाहिजे.