ठसे, पाऊलखुणा आणि माग

गोरेगावच्या एका ताईंनी बातमीतलं वाक्य पाठवलंय, 'घरफोडीच्या जागी सापडलेल्या पाऊलखुणांवरून चोराची उंची निश्चित केली', आणि विचारलंय की इथे पाऊलखुणा बरोबर, पदचिन्हं बरोबर की ठसे. ठसे. पाऊलखुणा आपण कधीच आत्मचरित्रांना आणि अमृतमहोत्सवी स्मरणिकांना देऊन टाकल्यात, पदचिन्हं भाषणवाल्यांना.

मला खरं खटकलं ते 'निश्चित केली'. अहो निश्चित कसली, अंदाज काढतात. पाऊल उंचीच्या साधारण १५ टक्के धरतात, म्हणजे २५ सेंटिमीटरचं पाऊल असेल तर माणूस १६७ च्या आसपास. त्यात उघड्या पायाचा ठसा पावलापेक्षा जरा आखूडच उमटतो, बुटाचा लांब, जुहूच्या ओल्या वाळूत धावत गेला असेल तर तिसरंच काहीतरी, शिवाय बाई की पुरुष, कुठल्या भागातला, त्यावर सूत्र बदलतं आणि एवढं करूनही चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच. चरकसंहितेत पाऊल १४ अंगुळं नि माणूस ८४, म्हणजे बरोब्बर सहापट. प्राचीन रोमचा वास्तुकार विट्रुव्हियसही सहापटच सांगतो. हल्लीच्या मापात साडेसहाच्या वर जातं.

पण या सगळ्याला आपला अस्सल शब्द आहे 'माग', आणि तो कोणी वापरत नाही! ३१ डिसेंबरला 'वर्षभराच्या घडामोडींचा मागोवा' तेवढा घेतात, जसं काही वर्ष चोरी करून पळालंय. माग आला 'मार्ग'वरून, आणि मार्ग मुळात डांबरी रस्ता नव्हे, तर मृगाची वाट, जनावर गेलं त्याच्या खुणा. मृग म्हणजे तेव्हा फक्त हरीण नाही, कुठलंही रानातलं जनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. म्हणजे आधी शिकाऱ्याने माग काढला, रस्ता नंतर झाला. काय सुंदर आहे हे! व्याकरणवाले मात्र मार्ग हा 'मृज्' धातूवरून आणतात, मृज् म्हणजे पुसणं, झाडणं. पुसून घेतल्यावर माग राहील कुठून, हे त्यांनीच सांगावं. सूत्रात बसतं म्हणून काहीही मान्य करायचं का?

'मागणे'सुद्धा याच घरातला, मार्गण म्हणजे शोधणं, आणि 'मागे' पण. माझं तर म्हणणं आहे की 'मग'ही इथलाच, मागून येतं ते मग. यावर नाकं मुरडणारे आहेत, मुरडू देत.

आणि हो, त्याच बातमीत कलिनाच्या लॅबला 'न्यायवैद्यक प्रयोगशाळा' म्हटलंय. तिचं नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. वैद्यक म्हणजे डॉक्टरी, बुटाच्या ठशाला डॉक्टर कशाला लागतोय?